टर्बो गाडीसाठी बाहेरचा सायलेन्सर: आधी मोजमाप, मग खरेदी

टर्बो गाडीला बाहेरचा (कंपनीचा नसलेला) सायलेन्सर बसवलेल्यांकडून मला बहुतेकदा एकच हकिकत ऐकायला मिळते. मोबाईलवर कुठल्यातरी गाडीचा आवाज ऐकला, तोच सायलेन्सर मागवला, डिकीत टाकून वेल्डरकडे नेला आणि त्याने संध्याकाळपर्यंत बसवून दिला. आठ दिवस मजा वाटली. मग हायवेला कान बधिर व्हायला लागले, किंवा पहिल्याच पावसाळ्यात जोड गंजले, किंवा आमच्या गोव्यात दिवाडीच्या फेरीबोटीत चढताना खालून खर्रकन घासलं. यात वेल्डरची चूक क्वचितच असते. चुकतो तो कामाचा क्रम. सायलेन्सर ही या कामात सगळ्यात शेवटी निवडायची वस्तू आहे आणि आपण तीच आधी विकत घेतो.

खालचे टप्पे पेट्रोल टर्बो गाडीसाठी आहेत आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) मागच्या भागापुरतेच आहेत. कन्व्हर्टर, त्याच्या पुढचा पाइप आणि ऑक्सिजन सेन्सर यांना हात लावायचा नाही. बीएस-६ डिझेल असेल तर डीपीएफलाही (काजळी अडवणाऱ्या गाळणीलाही) नाही. बाकीचं मोजमाप डिझेलवाल्यांनाही उपयोगी पडेल.

## टप्पा १: नेमकं काय हवंय ते लिहून काढा

मनात ठेवू नका, कागदावर लिहा. जुना सायलेन्सर गंजून फुटलाय म्हणून बदलायचा आहे? आवाज थोडा जाड हवाय? वजन कमी करायचंय? की गाडी जास्त पळायला हवीय?

शेवटचं उत्तर असेल तर आधी एक गोष्ट समजून घ्या. टर्बो गाडीत इंजिनातून निघालेला धूर टर्बाइनचं चाक फिरवूनच मागे येतो. धुराच्या वाटेतला सर्वात मोठा अडथळा तिथेच आहे, त्याच्या खालोखाल कन्व्हर्टर. मागचा सायलेन्सर त्यानंतर. त्यात आजकालच्या गाड्यांत बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबायच्या हवेचा दाब) किती ठेवायचा हे ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) ठरवतो. मागचा दाब कमी झाला तर ईसीयू ठरलेला बूस्ट थोड्या कमी कष्टात गाठतो, टर्बो किंचित लवकर जागा होतो आणि तापमानाला जरा आराम मिळतो. पण ठरलेला आकडा तोच राहतो. म्हणून कंपनीच्याच ट्यूनवर चालणाऱ्या गाडीत नुसता सायलेन्सर बदलून ताकदीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. आवाज वाढला की गाडी पळते असं वाटतं, एवढंच. ताकद हवी असेल तर तो खर्च आणि तो विचार वेगळा आहे. सायलेन्सरवर त्याचं ओझं टाकू नका.

“टर्बोला बॅक प्रेशर लागतं” हे वाक्यही गॅरेजात ऐकू येतं. ते खरं नाही: टर्बाइनच्या मागे दाब जितका कमी तितकं बरं. टर्बाइनच्या पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावरच ते चाक फिरतं. पण यावरून “मग सरळ तीन इंची पाइप टाकूया” असा निष्कर्ष काढायचा नाही. तो का नाही, ते पाचव्या टप्प्यात येतं.

## टप्पा २: कायद्याची हद्द आधी पाहून घ्या

हा टप्पा लोक गाळतात आणि नंतर रस्त्याच्या कडेला उभे राहून शिकतात.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ (४) खाली परवानगी नसलेले भाग बसवून फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराच्या मानकांचा भंग कलम १९० (२) मध्ये येतो. पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन्स तीन महिने अपात्र. प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे, हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२० सांगतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा: कंपनीच्या सायलेन्सरच्या जवळपास राहणारा, मान्यतेची कागदपत्रं असलेला पर्याय शोधा. खरेदीआधी आपल्या तालुक्याच्या वाहतूक खात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. गाडी वॉरंटीत असेल तर शोरूमकडून काय बाद होईल तेही लेखी घ्या. तोंडी “चालता, चालता” यावर विसंबू नका.

इशारा: “आरटीओला दाखवताना जुना लावा, मग परत नवा लावा” असं सांगणाऱ्या दुकानातून काही घेऊ नका. आपला माल नियमात बसत नाही, हे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय.

आपल्याकडे आणखी एक विचार हवा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे इस्पितळं, शाळा आणि न्यायालयांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो, आणि रात्र धरली जाते १० ते सकाळी ६. बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) हायवेला लागूनच आहे. रात्री अकराला तिथून जाताना आपल्या गाडीचा आवाज आतल्या माणसाला कसा वाटेल, हे सायलेन्सर निवडतानाच डोळ्यांसमोर आणा.

## टप्पा ३: गाडीखाली जा आणि मोजा

सायलेन्सर निवडण्याचं खरं काम इथे होतं. अर्धा दिवस हाताशी ठेवा.

गाडी थंड असू द्या. आदल्या रात्री उभी केलेली असली तर उत्तम. जागा सपाट आणि टणक हवी. आपल्याकडे घरासमोर बहुतेक माती किंवा चिऱ्यांचं अंगण असतं. पावसानंतर मातीत जॅक खचतो, आणि चिऱ्याचा कोपरा भाराखाली फुटतो. खाली जाड फळी ठेवा, पुढच्या चाकांना अडणी लावा आणि गाडी जॅक स्टँडवर टेकवल्याशिवाय डोकंसुद्धा आत घालू नका. नुसत्या जॅकवर कधीच नाही.

लागणारं सामान: वर्नियर कॅलिपर, टेप, बॅटरी (टॉर्च), वही, खडू, मोबाईल.

आता कन्व्हर्टरच्या मागच्या फ्लँजपासून (बोल्टच्या जोडापासून) शेपटापर्यंत (धूर बाहेर पडतो त्या टोकापर्यंत) सगळ्या वाटेचं चित्र वहीत काढा आणि प्रत्येक ठिकाणी हे मोजा:

पाइपचा बाहेरचा व्यास, किमान चार जागी. कंपनीचा पाइप सगळीकडे सारखा नसतो. मागच्या ॲक्सलवरून वळताना तो बऱ्याचदा चपटा किंवा बारीक केलेला असतो. सर्वात बारीक जागेवर खडूने खूण करा.

मधला रेझोनेटर (आवाज दाबणारा छोटा डबा) आणि मागचा सायलेन्सर यांची लांबी, रुंदी, जाडी. यातून पोटाचा अंदाज निघतो. उदाहरणार्थ १५ सेंटिमीटर व्यासाचा आणि ४० सेंटिमीटर लांबीचा गोल डबा म्हणजे साधारण ७ लिटर. तुमच्या जुन्या डब्याचं असंच गणित करून ठेवा. पुढे खूप उपयोगी पडेल.

सायलेन्सरभोवतीची मोकळी जागा: बंपर, पेट्रोलची टाकी, स्पेअर व्हीलचं भांडं, सस्पेन्शनचे हात. सस्पेन्शन दाबलं जातं तेव्हा ॲक्सल वर येतो, ती जागाही सोडावी लागते.

जमिनीपासूनची उंची. ही मात्र गाडी खाली उतरवून आणि भरून मोजा. चतुर्थीला घरचे पाच जण आणि माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या सजावटीचं) सामान भरलं की मागची बाजू किती बसते, तो आकडा खरा. एकट्या ड्रायव्हरसह मोजलेली उंची गावातल्या स्पीडब्रेकरवर कामाची नाही, आणि फेरीबोटीच्या रॅम्पवर तर नाहीच. रॅम्प आणि धक्का जिथे मिळतात त्या कोनात गाडीची शेपटी सर्वात खाली जाते.

तपासणी: मोजमाप करतानाच जुन्या जोडांवर काळी काजळी दिसतेय का पाहा. काजळी म्हणजे गळती. लवचिक जाळीचा पाइप फाटलाय का, रबरी हँगर तडकलेत का, तेही पाहा. कधी कधी “आवाज बिघडलाय” या तक्रारीचं मूळ एका फाटक्या रबरात असतं. मग सायलेन्सर बदलायची गरजच उरत नाही.

## टप्पा ४: जुन्या आवाजाची नोंद ठेवा

हे न केल्यामुळे नंतर “वाढला की कमी झाला” यावर नुसती चर्चा होते.

मोकळी जागा निवडा, जवळ भिंत नको. मोबाईलवर आवाज मोजणारं ॲप घ्या. शेपटाच्या तोंडापासून अर्धा मीटर लांब, धुराच्या धारेबाहेर ४५ अंशांच्या कोनात, शेपटाच्याच उंचीवर मोबाईल धरा. एक नोंद आयडलला, एक ३,००० आरपीएमला स्थिर धरून. नंतर गाडीत बसून, काचा बंद, एसी बंद, टॉप गिअरमध्ये २,०००, २,२००, २,४०० आणि २,६०० आरपीएमला नोंद घ्या. नोंदी दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला लावा. गाडी चालवताना मोबाईल हातात नको.

मोबाईलचा आकडा कायदेशीर मोजमापाला चालत नाही, पण त्याच मोबाईलने, त्याच जागी, आधी आणि नंतर घेतलेल्या आकड्यांतला फरक खूप सांगतो. ३ डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट. १० डेसिबल वाढले की कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो.

## टप्पा ५: पाइपचा व्यास ठरवा

सायलेन्सरच्या आधी हे. कारण सायलेन्सरचं तोंड पाइपला जुळवायचं असतं, पाइप सायलेन्सरला नाही.

११० ते १२० पीएसच्या (अश्वशक्तीच्या) लहान टर्बो इंजिनांना दोन ते सव्वादोन इंच पुरेसं आहे. व्हर्टस किंवा स्लाव्हियाचं १.० टीएसआय, आय-२० एन लाइन, नेक्सॉन पेट्रोल ही सगळी याच गटात. १५० पीएसच्या १.५ टीएसआयला सव्वादोन इंच, फार तर अडीच. ऑक्टाव्हियाच्या १९० पीएसच्या २.० टीएसआयसारख्या इंजिनाला अडीच. तीन इंची पाइप ३०० पीएसच्या आसपास आणि त्यावरच्या ट्यून केलेल्या गाड्यांसाठी.

अर्धा इंच म्हणजे थोडासा वाटतो, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. दोन इंची पाइपाचं तोंड सुमारे २० चौरस सेंटिमीटर, अडीच इंचीचं ३२ आणि तीन इंचीचं ४५ च्या पुढे. ११५ पीएसच्या गाडीत तीन इंची घातला तर धुराला दुपटीहून जास्त वाट मिळते, जी त्याला नकोच आहे. पुढे कन्व्हर्टरचं तोंड दोन इंचीच राहिलं, तर मागचा रुंद पाइप ती अडचण सोडवू शकत नाही.

तोटा मात्र खरा आहे. टर्बो गाडीत मोठ्या पाइपमुळे खालची ओढ साध्या इंजिनाइतकी पडत नाही, हे खरं. पण खालचा, जाड, घुमणारा आवाज वाढतो. पाइप ॲक्सलजवळ बसत नाही म्हणून वेल्डर तो खाली आणतो आणि उंची जाते. वजनही वाढतं.

वळणांकडेही बघा. साध्या बेंडिंग मशीनवर वळवलेला पाइप वळणावर आतून चपटतो. अडीच इंची पाइप वळणावर दोन इंची होऊन बसला तर पैसे वाया. तयार मँड्रेल बेंड (आतून आधार देऊन, न चपटता वळवलेले तुकडे) विकत मिळतात, ते घेऊन सरळ तुकड्यांना जोडायला सांगा.

इशारा: पाइप बाहेरच्या व्यासाने विकला जातो. सायलेन्सरचं तोंड मात्र बहुतेकदा आतल्या व्यासाने सांगतात, म्हणजे त्यात तेवढा पाइप शिरतो. “दोन्ही अडीच इंची” एवढ्यावर सौदा करू नका. आतला की बाहेरचा, विचारा आणि कॅलिपरने मोजा.

## टप्पा ६: सायलेन्सरचा प्रकार

दुकानात मुख्यतः तीन प्रकार दिसतात.

कप्प्यांचा सायलेन्सर: आत पत्र्याचे पडदे, ध्वनीच्या लाटा आपटून एकमेकींना मारतात. खालचा आवाज चांगला दाबतो, टिकतो, पण धुराला वळणं घ्यावी लागतात.

आरपार सायलेन्सर: मधून भोकांची सरळ नळी, भोवती ग्लासवूल, बेसॉल्टची लोकर किंवा स्टीलवूल. धूर सरळ जातो. चिरका, वरच्या पट्टीतला आवाज हा छान शोषतो, खालच्या पट्टीत कमी पडतो. टर्बाइन स्वतःच बराच चिरका आवाज खाऊन टाकतो, म्हणून टर्बो गाडीत मध्यम लांबीचा आरपार सायलेन्सर बहुधा पुरतो. मात्र मधला रेझोनेटर जागेवर राहिला पाहिजे.

तिसरा, आत इंग्रजी एस अक्षरासारखी वाट असलेला. बाजारात याला टर्बो सायलेन्सर म्हणतात आणि सर्वात जास्त फसगत इथेच होते. नावात टर्बो आहे म्हणून तो टर्बो गाडीसाठीच बनवलाय असं नाही. बऱ्या पोटाचा असेल तर कुटुंबाच्या गाडीला तो वाईट नाही, पण निवडायचा तो मापावरून.

झडपेचे सायलेन्सरही मिळतात, बटण दाबून उघडणारे. खाऱ्या हवेत ती झडप गंजून अर्धवट अडकते. शिवाय उघडल्यावरचा आवाजही नियमात बसायला हवा. मी सुचवत नाही.

माझं मत सांगतो: रेझोनेटर काढून मागे लांब सायलेन्सर लावण्यापेक्षा रेझोनेटर ठेवून मागे आरपार लावलेला केव्हाही बरा. गॅरेजात “रेझोनेटर काढला की आवाज खुलतो” म्हणतात. खुलतो, आणि तीन दिवसांनी नकोसा होतो.

ॲक्सिलरेटर सोडल्यावर येणारे फटाके सायलेन्सरमुळे येत नाहीत. ते बहुतेकदा ईसीयूमधून मुद्दाम घडवले जातात, आणि जळणारं पेट्रोल कन्व्हर्टरला भाजतं.

## टप्पा ७: घुमण्याचं गणित

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण लोकांचा सर्वात जास्त पैसा इथेच बुडतो.

माझ्या आधीच्या चार सिलिंडरच्या टर्बो हॅचबॅकला मी आखूड सायलेन्सर लावला होता. आयडलला सुरेख. फोंड्याहून मडगावला आईला डॉक्टरकडे नेताना बोरीच्या पुलापर्यंत ती काही बोलली नाही. परत येताना मात्र म्हणाली, “गाडी थांबव, डोक्यात घण पडतात.” टेकोमीटर बघितला, काटा २,४०० वर होता. दुसऱ्या दिवशी सायलेन्सर उतरवला.

असं का होतं? चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात. २,४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४० फेऱ्या, म्हणजे ८० स्फोट, ८० हर्ट्झ. तीन सिलिंडरच्या इंजिनात फेरीला दीड स्फोट, म्हणून त्याच वेगाला ६० हर्ट्झ. या खोल आवाजाला ग्लासवूल फारसं अडवू शकत नाही. तो गाडीच्या बंद केबिनमध्ये साचतो. त्याला अडवायला मोठं पोट, कप्पे किंवा बाजूला काढलेली बंद नळी लागते.

या बंद नळीला जे-पाइप म्हणतात. तिची लांबी ध्वनीच्या लाटेच्या चौथ्या हिश्श्याएवढी असावी लागते. मागच्या भागात धूर सुमारे ३०० अंश सेल्सिअस धरला तर त्यात ध्वनीचा वेग सेकंदाला ४८० मीटरच्या आसपास येतो. ४८० भागिले ८०, म्हणजे ६ मीटरची लाट, तिचा चौथा हिस्सा दीड मीटर. तीन सिलिंडरच्या ६० हर्ट्झला हीच नळी दोन मीटर लागते. लहान हॅचबॅकखाली दोन मीटरची जादा नळी कुठे बसवणार? म्हणून तीन सिलिंडरवाल्यांनी सुरुवातीलाच मोठ्या पोटाचा सायलेन्सर घ्यावा. तिसऱ्या टप्प्यात काढलेलं जुन्या डब्याचं लिटरमधलं माप आता बाहेर काढा. नवा डबा त्याच्या निम्म्याहून लहान असेल तर घुमणार हे धरून चाला.

तपासणी: तुम्ही रोज हायवेला टॉप गिअरमध्ये ज्या वेगाने जाता तेव्हा टेकोमीटरवर किती आरपीएम असतात? तो आकडा वहीत आहे ना? त्या आकड्याला तुमचा सायलेन्सर शांत असायला हवा, बाकी सगळं नंतर.

## टप्पा ८: धातू, आणि आपली हवा

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि किनाऱ्याकडे हवेत मीठ. शिवाय एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. गाडी लांब चालली तर ते वाफ होऊन निघून जातं. फोंडा बाजार, शाळा, घर अशा पाच-सहा मिनिटांच्या फेऱ्यांत ते सायलेन्सरच्या पोटात साचतं. म्हणजे गंज आतूनही येतो, बाहेरूनही.

साधं लोखंड नको, रंग कितीही चकचकीत असला तरी. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला पत्रा बरा, पण वेल्डिंगला मुलामा जळतो आणि गंज तिथून सुरू होतो. ४०९ स्टेनलेस वरून तांबूस होतं, पण टिकतं. ३०४ सर्वात चांगला व्यवहार्य पर्याय. किनाऱ्यावर त्यावरही चहाचे डाग पडल्यासारखे ठिपके येतात, ते वरवरचे असतात.

इशारा: ३०४ म्हणून २०२ विकलं जातं. “लोहचुंबक चिकटत नाही, बघा” हा पुरावा नव्हे, कारण २०२ लाही चुंबक चिकटत नाही. स्टेनलेसचं काम करणाऱ्या फॅब्रिकेटरकडे ग्रेड तपासायचं थेंब टाकायचं रसायन असतं. एक थेंब टाकून रंग बघायला सांगा. नकार मिळाला तर दुसरं दुकान.

## टप्पा ९: दुकानात हातात घेतल्यावर

आता कुठे खरेदी. वही बरोबर न्या.

सायलेन्सर डोळ्यासमोर धरून बॅटरीच्या उजेडात आरपार बघा. बाहेरचं तोंड अडीच इंची आणि आतली नळी दोन इंची, असा माल भरपूर आहे. नळीला साधी भोकं असावीत. आत वळवलेल्या पत्र्याच्या झडपांसारख्या चिरा असतील तर त्या धुराला ओरबाडतात आणि शिटी वाजते.

हलवून पाहा. आत खुळखुळ नको. बोटांनी टकटक करा, डबा पोकळ वाजला तर आत लोकर कमी भरलीय. वजन करा आणि त्याच मापाच्या दुसऱ्या सायलेन्सरशी ताडून बघा. खालच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटरचं पाणी निघायचं भोक आहे का पाहा. नसेल तर बसवताना सर्वात खालच्या बिंदूवर पाडून घ्यावं लागेल. बाणाची खूण असेल तर तिचा फोटो काढून ठेवा, वेल्डर उलटा बसवतात.

शेपटाचं टोक कसंही निवडा, फक्त ते बंपरच्या कडेच्या आत राहायला नको.

## टप्पा १०: बसवणं

इथला क्रम मोडू नका.

१. आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारा. हँगरच्या रबरांना साबणाचं पाणी.

२. जुना सायलेन्सर शक्यतो फ्लँजवर सोडा. एकसंध पाइप असेल आणि कापावाच लागला, तर सरळ भागात कापा आणि दोन्ही बाजूंना किमान ५ सेंटिमीटर सरळ पाइप राहू द्या, म्हणजे पुढे स्लीव्ह घालून जुनाच परत जोडता येईल. जुना सायलेन्सर तेल पुसून घरी ठेवा. गाडी विकताना लागतो.

३. नवा सायलेन्सर हँगरवर लटकवा, अजून काही जोडू नका. गाडी चाकांवर उतरवा, मागे दोघांना बसवा, तिसऱ्या टप्प्यातली उंची परत मोजा. बंपर आणि टोक यांच्यात सर्व बाजूंनी किमान दोन सेंटिमीटर. तीनशे अंशांना तापल्यावर ३०४ चा दोन मीटर पाइप जवळपास एक सेंटिमीटर लांबतो, आणि थांबताना इंजिन पुढे-मागे झुलतं. ती जागा आधीच सोडायची असते.

४. जागेवर फक्त ठिपके वेल्ड करा. त्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ पाइपवरच लावा. चॅसिसवर लांब कुठेतरी लावला तर करंट ईसीयू आणि सेन्सरच्या वायरिंगमधून वाट शोधतो. मागच्या सीटखाली प्लॅस्टिकची पेट्रोल टाकी आहे हे वेल्डरला तोंडाने सांगा, आणि अग्निशामक जवळ ठेवा.

५. ठिपके मारून झाले की पूर्ण सांगाडा खाली उतरवा आणि पक्कं वेल्डिंग बाहेर करा. ३०४ ला ३०४ जोडताना ३०८एल वायर. ३०४ ला कंपनीच्या ४०९ किंवा साध्या लोखंडाशी जोडताना ३०९एल. या दुसऱ्या जोडाला साधी वायर वापरली की पहिल्या पावसाळ्यानंतर तिथेच गंज येतो. टिग वेल्डिंग करताना पाइपच्या आतूनही आर्गन सोडायला सांगा, नाहीतर आतला जोड साखरेसारखा खरखरीत होतो आणि तिथून तडकतो.

६. परत बसवताना नवं गास्केट, स्टेनलेसचे नट आणि त्यांना तांब्याचं ग्रीस. बँड क्लॅम्प घ्या, यू-बोल्ट पाइप चेपतो.

७. पुढून मागे येत घट्ट करा, पण आधी सगळे बोल्ट सैल ठेवून पाइप रबरांवर मोकळा लटकतोय हे बघा. ताण आला तर लवचिक जाळी फाटते.

इशारा: “कन्व्हर्टर आतून पोकळ करून देतो, आवाज अजून छान येईल” असं कुणी म्हणालं तर काम तिथेच थांबवा. मागचा ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो, चेक इंजिन लागतं, आणि पीयूसीत बीएस-४ व बीएस-६ पेट्रोलची आयडलची मर्यादा सीओ ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम आहे. ती गाडी त्यात बसत नाही.

## टप्पा ११: चाचणी, आणि नंतरच्या तपासण्या

गाडी चालू केल्यावर पहिली दहा मिनिटं थोडा धूर आणि वास येतो, पाइपवरचं तेल जळतं. थंड इंजिनातच प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारून बुडबुडे बघा. मदतनीसाने जाड ओल्या फडक्याने शेपटाचं तोंड क्षणभर दाबलं की गळती असेल तिथे फुसफुस ऐकू येते.

मग चौथ्या टप्प्यातल्या नोंदी परत घ्या, त्याच जागी, त्याच मोबाईलने. रस्त्यावरची चाचणी सपाटीवर पुरत नाही, कारण घुमणं भाराखाली बाहेर येतं. फर्मागुडीचा चढ वरच्या गिअरमध्ये २,००० च्या आसपास हळू चढा. नंतर पणजीहून वेर्णेकडे झुआरीच्या नव्या पुलाचा चढ एकसारख्या वेगाने. गाडीत मागे कुणाला तरी बसवा, कारण सर्वात जास्त घुमतं ते मागच्या सीटवर, आणि ड्रायव्हरला ते कळत नाही.

आत ३ डेसिबलपर्यंत वाढ सहज सहन होते. ५-६ च्या पुढे गेली, तर “सवय होईल” म्हणून सोडून देऊ नका. आधी रेझोनेटर बदललाय का ते बघा, मग पोट मोठं करा.

लांब पळवून आल्यावर मिनिटभर आयडलला ठेवा, मग बंद करा. थंड झाल्यावर खाली वाकून बंपरचा आतला भाग, स्पेअर व्हीलचं भांडं आणि हँडब्रेकची केबल हाताने चाचपा. प्लॅस्टिक मऊ पडलं असेल, तर उष्णता रोखणारा पत्रा आजच लावा.

५०० किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प आणि फ्लँजचे नट परत आवळा, एकदा तापून थंड झाले की ते सैल पडतातच. आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास सलग चालवा, पोटातलं पाणी निघून जाऊ दे. मृग लागायच्या आत पाणी निघायचं भोक बारीक तारेने साफ करा. पावसाळा संपला की गोड्या पाण्याने खालून धुऊन वेल्डच्या रेषा एकेक करून बॅटरीच्या उजेडात बघा. तांबूस रेषा दिसली तर ती घासून, परत वेल्ड करून घेण्याची वेळ तीच असते. दिवाळीनंतर तिथे भोक सापडतं.